उशीच्या उंचीवरून

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, तेव्हा तू कागद घेतलास हे बरं केलंस. मीही तेच करते.

तुला बाबांचे फोटो हवे आहेत. तिथल्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणतोस. तुझ्याकडे तळमजल्यावरची खोली रिकामी केली आहे, दिवसभराची नर्स ठरते आहे, हॉस्पिटल जवळ आहे. मे महिन्यात गाडी घेऊन येशील. मी तोवर शांतपणे विचार करायचा आहे.

फोटो पाठवते आहे. पण ते बाबांचे नाहीत.

मी एक्सरे विभागातून रिटायर झाले तेव्हा तू कॅमेरा पाठवला होतास. सोबत चिठ्ठी होती: "माणसांची हाडं टिपून झाली, आता जरा वरचं काही टीप." खोकं तसंच कपाटात होतं. या हिवाळ्यात उघडलं. बाबांचा पलंग मी खिडकीपाशी सरकवला आहे. पलंगाशेजारी गुडघ्यावर बसायचं, हनुवटी उशीला टेकवायची आणि तिथून जे दिसेल ते टिपायचं, असं चाललं आहे. तारेवरचा बुलबुल. मधुमालतीत उलटा लटकलेला शिंजीर. कुंपणाच्या भिंतीवर पाणी पिणारी खार. सगळे फोटो डावीकडे कललेले आहेत. स्टुडिओवाल्याने विचारलं, सरळ करून देऊ का? मी नको म्हटलं. बाबांची मान तशीच असते.

ते दिवसभर काय बघतात हे तुला कळावं, एवढंच.

त्यांचा फोटो मी काढणार नाही. विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि विचारलं तर उत्तर येत नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या अशा झटक्यानंतर हो आणि नाही यांची अदलाबदल होते, मान हलली तरी तिच्यावर विसंबू नका. आत किती पोचतं, ते सांगता येत नाही. "सांगता येत नाही" असं ते म्हणाले. "पोचत नाही" असं म्हणाले नाहीत. गेल्या वर्षी तू त्यांच्या पायाशी उभा राहून म्हणालास, "ताई, इथे आता कुणी नाहीये." मी तुला घरातून जायला सांगितलं. शेजारीण कुंपणापर्यंत आली होती.

बाबांनी कंडक्टर म्हणून जन्मभर बस भरली आणि रिकामी केली, पण घरात आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. तिकिटाचा चिमटा दाराच्या चौकटीवर वाजायचा. डबल म्हणजे चला, शाळेला उशीर होतोय. सिंगल म्हणजे थांबा, भांडण पुरे. आपण दोघं एकमेकांचे केस सोडायचो. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात चादरीखाली होते.

आता डावा हात बराच चालतो. चमचा धरतात.

ताई


६ मार्च

धाकट्या,

पक्षी छान आहेत पण मी बाबांबद्दल विचारलं होतं, असं तू लिहितोस. मीही बाबांबद्दलच लिहिलं होतं. असो.

मधुमालतीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं आहे. खिडकीच्या गजांपासून हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ. वेल त्या जागी दाट आहे, बाहेरून काही दिसत नाही. आतून, उशीच्या उंचीवरून, पानांच्या फटीतून घरट्याची कड दिसते आणि मादी बसली की तिचा तुरा. काड्या, कोळ्याची जाळी, कसल्यातरी वेष्टनाची कागदी पट्टी. कडेला एक लांब पांढरा केसही विणलेला आहे. बाबांचे केस विंचरून झाले की मावशी फणी खिडकीबाहेर झटकतात, त्यातला.

मावशी म्हणजे बाबांना अंघोळ घालायला येतात त्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्यांचं तोंड एकदा सुरू झालं की पाणी गार होतं. काल त्यांना तो केस दाखवला.

"बघा आजोबा," त्या म्हणाल्या, "सगळा जमीनजुमला पाखरांच्या नावावर केलात. मुलांना काय ठेवलंत?"

बाबांचा डावा ओठ हलला. मावशी म्हणाल्या हसले. मला खात्री देता येणार नाही. मावशींना तर ते रोजच हसलेले दिसतात. अंघोळीचा तांब्या पाहिला की मुद्दाम डोळे मिटून घेतात, असंही त्यांचं म्हणणं आहे. "सोंग आहे सगळं. माझा नवरापण असाच करायचा, कामाचं नाव काढलं की."

मला पुरावा हवा आहे, मावशींचं मत नको. तुलाही तोच हवा असणार. बाबा घरट्याकडे बघत आहेत आणि घरट्यावर बुलबुल बसला आहे, दोन्ही एकाच फोटोत यायला हवं. त्यासाठी मला बागेत उभं राहून, घरट्यावरून, खिडकीकडे कॅमेरा धरावा लागेल. असा फोटो काढणं म्हणजे त्यांचा फोटो काढणंच झालं, हे मला कळतं. तरी काढणार आहे. तुझ्या डॉक्टरांना तो दाखव.

अडचण एवढीच की पानं मध्ये येतात.

अंडी गुलाबीसर आहेत, त्यांवर तांबडे शिंतोडे. मादी उठली तेव्हा दिसली.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

हवा होता तो फोटो मिळाला. सोबत ठेवला आहे. आधी तो बघ, मग हे वाच.

पुढे घरटं आहे, त्याच्या कडेवर मादी, चोचीत अळी, खाली उघडलेल्या चोची. मागे खिडकीची एक झडप उघडी आहे, तिच्यातून बाबांचा चेहरा. डोळे बघ. ते छताकडे नाहीत, शून्यात नाहीत. तू म्हणाला होतास तसा कुणी नसलेला माणूस असा बघत नाही. हात वर आहे, हातात चमचा आहे. मला वाटलं मला टाटा करतायत. मी इकडून हातसुद्धा हलवला.

मध्ये येणारी पानं मी कात्रीने काढली. जास्त नाहीत, एक फांदी आणि वरचा झुबका. एक्सरेच्या खोलीत जन्म गेला. तिथे पहिलं वाक्य हेच असायचं: साखळी काढा, पिना काढा, आड येणारं सगळं काढा. दुसरं वाक्य, श्वास रोखा. त्या सकाळी मी दोन्ही केलं. फोटो हलला नाही.

तुझ्यापासून लपवत नाही म्हणून पुढचंही लिहिते. त्या सकाळपासून बाबा अस्वस्थ होते. खिडकीच्या गजांवर चमचा आपटायला लागले. जेवण घेतलं नाही. मी चमचा काढून घ्यायला गेले तर इतक्या जोरात धरला की मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली असती. मी सोडवली नाहीत. मावशी म्हणाल्या, "आज काही खरं नाही. गोळी द्या, नाहीतर रक्तदाब चढेल." डॉक्टरांनी अशा वेळेसाठी अर्धी गोळी सांगून ठेवलेली आहे. दुपारी दिली. मग झोपले.

तू याचं काय करशील ते मला माहीत आहे. ताईला झेपत नाही असं म्हणशील. एका दिवसाचं आहे हे. फोटो बघ.

ताई


३१ मार्च

धाकट्या,

घरटं रिकामं झालं. पिल्लं उडण्याएवढी नव्हती. मांजर असेल.

तुझं पत्र आलं. फोटो स्पष्ट आहे, पण बाबा पक्ष्याकडे बघत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. नजर घरट्याच्या वरून कुठेतरी पलीकडे जाते, बायकोलाही दाखवला, तिलाही तसंच वाटलं. वाईट वाटून घेऊ नकोस, असंही लिहिलं आहेस.

वाटून घेतलेलं नाही.

बाबा शांत आहेत. चमचा भरवायच्या वेळी घेतात, नंतर ठेवून देतात. गोळी लागत नाही. या वेळी फोटो नाहीत.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

मांजर नव्हतं. ते मला मागच्या वेळीही माहीत होतं. मांजराने घरटं फाडलं असतं. हे जागच्या जागी होतं, फक्त आत कुणी नव्हतं.

तुझं वाक्य डोक्यातून जाईना. नजर पलीकडे जाते. मी रागाने माझ्याकडचा फोटो पुन्हा बाहेर काढला, तुला खोटं पाडायला. स्टुडिओवाल्याकडे नेला, म्हटलं, हा भाग मोठा करून द्या. त्याने चेहरा मोठा करून दिला. तुझं खरं आहे. बाबा बुलबुलाकडे बघत नाहीत. माझ्याकडेही नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतायत.

मग त्याला खिडकीची दुसरी झडप मोठी करायला सांगितली, मिटलेली. काचेत मी आहे, कॅमेरा डोळ्याला लावलेली. माझ्यामागे कुंपणाची भिंत आहे. भिंतीवर कावळा बसला आहे.

त्या सकाळचे सगळे फोटो मी ओळीने लावून पाहिले. पहिल्यात कात्री माझ्याच हातात आहे, कॅमेरा तिपाईवर असताना चुकून निघालेला, उभा-आडवा, अर्धा माझा कोपर. त्याच्यातही बाबांचा हात वर आहे. काचेत तेव्हा कावळा नाही. म्हणजे हात आधी माझ्यासाठी वर गेला होता.

मावशींना विचारलं, त्या दिवशी चमचा कसा वाजत होता?

"कसा म्हणजे? टक् करायचे, थांबायचे. माझ्याकडे बघायचे. मग पुन्हा टक्. डोकं उठलं माझं."

"लागोपाठ दोन नाही?"

"नाही हो. एकेकच. सारखं एक." मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "का? काय झालं?"

तुला सांगण्याची गरज नाही, तुला ऐकू आलं असेल. सिंगल. मी पानं कापत होते तेव्हा सिंगल. पानं पडली, घरटं उघडं पडलं, कावळा भिंतीवर आला, तेव्हा पुन्हा सिंगल, मला आणि कावळ्याला. चमचा वाजत होता तोवर कावळा भिंतीवरून पुढे आला नाही. बाबा जेवले नाहीत कारण जेवायला चमचा द्यावा लागला असता. सकाळपासून दुपारपर्यंत ते पहाऱ्यावर होते.

मी गोळी दिली. गोळीचं पाणी त्यांनी हनुवटीवर सांडलं, मी पुसलं आणि पुन्हा दिलं. "शहाण्यासारखं करा," असं मी म्हणाले. झोपले तेव्हा चमचा हातातून खाली पडला. त्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला आणि बरं वाटलं.

ते जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी चहा घेऊन गेले. ते घरट्याकडे बघत होते. या वेळी खरंच घरट्याकडे, जे तोवर रिकामं झालं असणार. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं गुंगी आहे.

हे पत्र तीनदा फाडलं. हे पाठवलं तर तू म्हणशील, जिला एवढं कळलं नाही तिच्या हाती बाबांना कसं ठेवायचं? बरोबर म्हणशील. न पाठवलं तर बाबा आत आहेत, पूर्ण आहेत, हे कुणालाच कळणार नाही. तू त्यांना सामान हलवल्यासारखं हलवशील आणि तिथली नर्स चमचा वाजला की गोळी देईल. दोन्हींतलं पहिलं मला सोसेल.

काल त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "बाबा, तुम्ही मला थांब म्हणत होतात."

चमचा उशाशी होता. त्यांनी तो उचलला नाही. तो वाजवून जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. बराच वेळ ठेवला. तो जड लागत होता, तरी मी हात काढून घेतला नाही.

आणखी एक आहे. त्या दिवशी तू पायाशी उभा राहून जे बोललास ते त्यांनी ऐकलं. मी जे बोलले तेही. त्यांच्या हाती तेव्हा वाजवायला काही नव्हतं, एवढंच.

ताई


१८ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र या वेळी एका पानाचं आहे. मी काय लिहू, असं त्यात आहे, आणि मग पुढे काही नाही. ठीक आहे. मीही पुष्कळ पत्रं तशी लिहिली असती तर बरं झालं असतं.

खात्री केल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. आमच्या कामात एकदा काढलेला फोटो हलला असेल तर पुन्हा काढायचा, पेशंट कितीही कुरकुरला तरी. म्हणून मी आठवडाभर बाबांना भलतंसलतं विचारत होते. पंखा लावायचा? डबल. पलंग भिंतीकडे नेऊ? सिंगल, रागाने. मावशींनी विचारलं, "आजोबा, अंघोळ करायची ना?" सिंगल. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे इतके दिवस सोंगच होतं. आता काय करायचं मी? यांचं ऐकायचं?" बाबांचा ओठ हलला. हसले. या वेळी खात्री देते.

मान अजून उलटसुलट हलते. बोटांचा मात्र घोळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, जुनी सवय कधी कधी दुसऱ्या वाटेने शाबूत राहते. ते स्वतः येऊन बघणार आहेत.

बुलबुल गेले नाहीत. पाण्याच्या टाकीमागच्या झुडपात काड्या नेतायत. ती जागा खिडकीतून दिसत नाही, उशीवरून तर नाहीच. मी तिकडे जात नाही. कापलेल्या जागी मधुमालतीला कोवळा लाल शेंडा फुटला आहे, तो मी सुतळीने गजाला बांधला.

परवा विचारलं, "बाबा, तुमचा फोटो काढू? धाकट्याला पाठवायला." डबल. मग त्यांनी चमचा ठेवला आणि केसांवरून हात फिरवला. कामावर निघताना फिरवायचे तसा. सोबत आहे तो फोटो. उशीच्या उंचीवरून काढला आहे, तरी त्यांचा चेहरा कललेला दिसत नाही. मीच त्यांच्याइतकी कलले होते.

आता जे लिहायचं आहे ते.

काल संध्याकाळी दिवा लावल्यावर मी त्यांना तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. तळमजल्यावरची खोली, नर्स, हॉस्पिटल, तुझी मुलं शाळेतून किती वाजता येतात ते. मग विचारलं, "बाबा, धाकट्याकडे जायचं?"

त्यांनी लगेच वाजवलं नाही. चमचा गजाला टेकवून ठेवला. मला वाटतं, बसमध्ये घंटीची दोरी हातात धरून ते असेच मागे वळून बघत असणार, सगळे चढले का.

डबल.

सकाळी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत, मावशींसमोर. डबल. तिसऱ्यांदा विचारायला लागले तर चमच्याने माझ्या हातावर हळूच मारलं.

का, ते विचारता येत नाही. त्यासाठी दोन आवाज पुरत नाहीत. त्यांना उचलताना माझ्या कमरेतून आवाज येतो, तो त्यांच्या कानाशीच येतो, ते असेल. नातवंडं असतील. तू गेल्या वर्षी या घरातून जसा गेलास ते त्यांना मिटवायचं असेल. मला काही वाटलं नाही असं लिहिणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग परत आले आणि म्हटलं, "मीपण येते तुमच्याबरोबर. त्याच्याकडे जागा आहे. येऊ?"

सिंगल.

मी पुन्हा विचारलं नाही. हा फोटो हललेला नव्हता.

रात्रभर त्याच्यावर विचार केला. लहानपणी सुट्टीत ते मला कधी कधी बसमध्ये पुढच्या सीटवर बसवायचे, तुला आईबरोबर घरी ठेवून. तू रडायचास. त्या बसमध्ये सिंगल म्हणजे रागावणं नसायचं. कुणाचा तरी थांबा आलेला असायचा. कुणी म्हातारी पिशव्या गोळा करत उठायची आणि ती नीट उतरेपर्यंत बाबा दोरीला हात लावायचे नाहीत.

मे महिन्यात ये. पायाशी उभा राहू नकोस. पलंगाशेजारी गुडघ्यावर बस, हनुवटी उशीला टेकव, आणि माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तूच विचार. मी तेव्हा बागेत असेन. दोनदा वाजलेलं मला तिथून ऐकू येईल.

ताई